वैयक्तिक कर्जासोबत माथी मारलेला विमा: प्रीमियम परत कसा मागायचा

सांगलीतली बँकेची शाखा असो, कराडमधली फायनान्स कंपनी असो की तासगावची पतसंस्था, वैयक्तिक कर्जाची रक्कम खात्यावर आली की अनेकांना आकडा कमी दिसतो. मंजुरी 5,00,000 ची, जमा 4,66,200. शाखेत विचारलं तर "चार्जेस कापलेत" एवढंच उत्तर मिळतं. फोड केली तर 2 टक्के प्रोसेसिंग फी 10,000, तिच्यावर 18 टक्के जीएसटी 1,800 आणि राहिलेले 22,000 रुपये विम्याचा एकरकमी प्रीमियम. या विम्याला कुठे कर्ज सुरक्षा म्हणतात, कुठे लोन प्रोटेक्ट, कुठे क्रेडिट लाइफ.

दुसरी तऱ्हा जास्त फसवी असते. खात्यावर रक्कम बरोबर येते, पण कर्ज 5,22,000 चं मंजूर झालेलं असतं. 14 टक्के व्याज आणि 60 महिने मुदत धरली तर 5 लाखांचा हप्ता सुमारे 11,634 आणि 5,22,000 चा सुमारे 12,146 रुपये येतो. फरक महिन्याला 512 रुपयांचा, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पाच वर्षांत मात्र त्या 22,000 चे तुम्ही सुमारे 30,700 रुपये भरता. प्रीमियमवर व्याज दोन्ही प्रकारांत लागतं.

कर्ज देण्यासाठी विमा घ्यायलाच लावणं नियमात बसत नाही. बँकेने विकलेला विमा ग्राहकाने स्वेच्छेनेच घेतलेला असला पाहिजे, असं रिझर्व्ह बँक सांगते. एक सेवा देण्यासाठी दुसरी विकत घेण्याची अट घालणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(41) प्रमाणे निर्बंधित व्यापार प्रथा आहे. म्हणजे कायदा तुमच्या बाजूने आहे. तरीही बरेच अर्ज फेटाळले जातात, कारण तक्रार तोंडी राहते, उशिरा जाते किंवा चुकीच्या दारात जाते. कर्ज आणि विमा हे दोन वेगळे करार आहेत, त्यांच्या तक्रारीच्या वाटाही वेगळ्या आहेत. त्यामुळे पहिल्या दिवसापासून दोन्हीकडे लेखी अर्ज द्यायचा.

आधी तारीख पाहा

आयुर्विमा पॉलिसी हातात किंवा ई-मेलवर मिळाल्यापासून 30 दिवसांत ती कारण न सिद्ध करता रद्द करता येते. याला फ्री-लुक कालावधी म्हणतात. पूर्वी तो साधारण 15 दिवसांचा होता, 2024 च्या नियमांनी 30 केला. एक वर्ष किंवा जास्त मुदतीच्या आरोग्य विम्यालाही तो लागू आहे. या काळात अर्ज केला तर तेवढ्या दिवसांचा जोखमीचा प्रीमियम, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून बाकी रक्कम परत मिळते. अर्ज पोहोचल्यावर 7 दिवसांत परतावा निघायला हवा.

हे 30 दिवस कर्जाच्या तारखेपासून मोजायचे नाहीत. पॉलिसी तुम्हाला मिळाली त्या दिवसापासून ते सुरू होतात. इथेच एक घोळ होतो. अर्जावर एजंटाने स्वतःचा किंवा भलताच ई-मेल टाकलेला असतो, पॉलिसी तिकडे जाते आणि विमा कंपनी म्हणते, मुदत संपली. त्यामुळे पॉलिसी मिळाली नसेल तर आजच विमा कंपनीला लिहून विचारा: कोणत्या तारखेला, कोणत्या पत्त्यावर किंवा ई-मेलवर पाठवली, पोहोचल्याचा पुरावा काय. तो पत्ता तुमचा नसेल तर मुदत सुरूच झाली नाही, असं लेखी मांडा.

फ्री-लुकची मुदत चालू असेल तर फसवणुकीचा युक्तिवाद करत बसू नका. "फ्री-लुक कालावधीत पॉलिसी रद्द करत आहे" हे एक वाक्य पुरतं. लोक चार पानी तक्रार लिहितात, तिची चौकशी सुरू होते आणि सरळ मिळणारे पैसे अडकून पडतात.

कागद गोळा करणं

कर्जाचं मंजुरीपत्र, करारनामा, कर्ज खात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा आणि बचत खात्याचा त्याच दिवसांचा उतारा काढून घ्या. त्यासोबत सर्वांत मोलाचा कागद म्हणजे की फॅक्ट्स स्टेटमेंट, ज्याला शाखेत केएफएस म्हणतात. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर झालेल्या किरकोळ मुदत कर्जांना रिझर्व्ह बँकेने तो बंधनकारक केला आहे. त्यात वार्षिक टक्केवारी दर द्यावा लागतो आणि विम्यासारख्या त्रयस्थ कंपनीच्या रकमाही दाखवाव्या लागतात. जो आकार केएफएसमध्ये नाही, तो कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे कधीही लावता येत नाही. शिवाय केएफएस कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा असतो. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नसेल आणि कागद फक्त इंग्रजीत असेल, तर तो तुमच्या अर्जातला वेगळा मुद्दा आहे.

विम्याच्या बाजूने दोन शक्यता असतात. वैयक्तिक पॉलिसी असेल तर तुमच्या नावाचा बाँड निघतो. गट विमा असेल तर मूळ पॉलिसी बँकेच्या नावावर असते आणि तुम्हाला विमा प्रमाणपत्र मिळतं. कर्जासोबतचे बहुतेक विमे गट प्रकारचे असतात. प्रमाणपत्रावर विमा कंपनीचं नाव, प्रमाणपत्र क्रमांक, मुदत, विमा रक्कम आणि वारसदार हे पाच तपशील पाहा. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, गट विम्यावर मात्र 18 टक्के लागतो. तेव्हा परताव्याचा हिशेब तपासताना प्रीमियम करासह आहे की कराविना, हेही बघून घ्या.

मग विमा कंपनीकडे तुमच्या प्रस्ताव अर्जाची प्रत मागा. ती मिळणं हा तुमचा हक्क आहे. अर्ज आला की आरोग्याच्या प्रश्नांची उत्तरं सगळ्यांत आधी वाचा. मधुमेह किंवा रक्तदाब असूनही सगळीकडे "नाही" टिक केलेलं सापडतं, कारण फॉर्म शाखेतच भरला गेलेला असतो. ही चूक गंभीर आहे. विमा कायद्याच्या कलम 45 नुसार पहिल्या तीन वर्षांत कंपनी चुकीच्या माहितीवरून पॉलिसी नाकारू शकते. म्हणजे घरच्यांना गरज पडेल त्याच वेळी दावा फेटाळला जाण्याचा धोका आहे. तसंच, इंग्रजी फॉर्मवर तुमची सही मराठीत किंवा अंगठा असेल, तर मजकूर समजावून सांगितल्याचा दाखला फॉर्ममध्ये असायला हवा. तो कोरा आहे का, की अनोळखी माणसाची सही आहे, ते पाहा.

कोणता मुद्दा टिकतो

"मला नको होता" एवढ्यावर तक्रार टिकत नाही. टिकणारे मुद्दे कागदावरून दाखवता येतात. कर्ज 60 महिन्यांचं आणि विमा 36 महिन्यांचा. केएफएसमध्ये विम्याची ओळच नाही, खात्यातून मात्र रक्कम गेली. आजार तोंडी सांगितला होता, अर्जात आला नाही. व्यावसायिकाला किंवा शेतकऱ्याला नोकरी गेल्यास हप्ते भरणारं संरक्षण विकलं. या शेवटच्या प्रकारात बहुतेक पॉलिसी स्वयंरोजगार करणाऱ्याला वगळतात, आणि नोकरदारालाही राजीनामा किंवा प्रोबेशनमध्ये काही देत नाहीत. फलटणच्या दुकानदाराला असं संरक्षण विकलं असेल, तर त्याचा दावा कधीच मंजूर होणार नव्हता. हा मुद्दा मजबूत आहे.

"कर्ज फिटलं की विम्याचे पैसे परत मिळतात" असं सांगून विकलेल्या पॉलिसीही बऱ्याच सापडतात. कर्ज सुरक्षा विमा साधारणपणे निव्वळ जोखमीचा असतो, मुदत संपल्यावर काही मिळत नाही. हे आश्वासन व्हॉट्सॲपवर किंवा हिशेबाच्या चिठ्ठीवर असेल तर ते जपून ठेवा, फोन बदलला तरी चॅट पुसू नका. उलट बाजूची तऱ्हा म्हणजे कर्जाच्या बदल्यात दरवर्षी 50,000 भरायची बचत पॉलिसी घ्यायला लावणं. तिथे पहिला हप्ता गेला म्हणून दुसराही भरू नका. दुसऱ्या वर्षी भरला तर तुम्ही पॉलिसी मान्य केली, असा अर्थ कंपनी काढते.

सगळ्यांत जास्त वाद ओटीपीवर होतो. कंपनीचं ठरलेलं उत्तर असतं: "आपण ओटीपी देऊन संमती दिली आहे." याला घाबरून लोक माघार घेतात. तसं करू नका, चार गोष्टी मागा. ओटीपी किती वाजता आला, त्या संदेशातला मजकूर काय होता, त्या वेळी पडद्यावर विम्याची रक्कम दिसत होती का, आणि कर्जासाठी व विम्यासाठी वेगळे ओटीपी होते का. तुमच्या मोबाइलमधला तो संदेश शोधा. "कर्ज अर्ज पूर्ण करण्यासाठी" असा मजकूर असेल तर ती विम्याची संमती ठरत नाही. एकाच ओटीपीत दोन्ही उरकलं असेल तर जबरदस्तीच्या तुमच्या म्हणण्याला तो आधार होतो.

पडताळणीचा फोन हा दुसरा अडथळा. प्रतिनिधी शेजारी बसून सांगतो, "सगळ्याला हो म्हणा, नाहीतर फाइल अडकेल." रेकॉर्डिंगमध्ये विम्याचं नाव, प्रीमियम आणि "हा कर्जाशी जोडलेला नाही" असं स्पष्ट सांगून तुमचा होकार घेतला असेल, तर माहितीच नव्हती हा मुद्दा कमजोर पडतो हे मान्य करायला हवं. अशा वेळी मुदतीतली तफावत, चुकीची आरोग्य माहिती आणि केएफएस यांच्यावर जोर द्या. रेकॉर्डिंग मागण्याआधी आपली बाजू लिहून ठेवा आणि रेकॉर्डिंग ऐकल्यावर जे खोटं ठरेल असं काहीही अर्जात लिहू नका. एक वाक्य खोटं निघालं तर बाकीच्या खऱ्या वाक्यांवरही विश्वास राहत नाही.

रद्द करण्याआधी

घरात एकटा कमावता असेल, जामीनदार नातेवाईक असेल, दुसरा कोणताच विमा नसेल, तर संरक्षणाची गरज खरी आहे. कर्जदार दगावला तर हा विमा उरलेलं कर्ज फेडतो आणि जामीनदारावर वेळ येत नाही. आमचा सल्ला असा की, आधी स्वतंत्र मुदत विमा घ्या, त्यात आजार खरे लिहा, तो सुरू झाला की मगच हा रद्द करा. फ्री-लुकची तारीख जवळ आली असेल तर मात्र अर्ज आधी द्या.

अर्ज कसा लिहायचा

एक पान पुरेसं आहे, मराठीत चालतं. मजकूर साधारण असा:

"माझे कर्ज खाते क्रमांक ____ दि. ____ रोजी मंजूर झाले. त्यातून रु. ____ इतका विमा प्रीमियम माझ्या स्पष्ट संमतीशिवाय घेण्यात आला. पॉलिसी / प्रमाणपत्र क्र. ____ मला दि. ____ रोजी मिळाले. विमा घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही, असे मला सांगण्यात आले. सदर विमा रद्द करून पूर्ण प्रीमियम परत करावा. परतावा कर्ज खात्यात जमा केल्यास तो मुद्दलात वळता करावा, त्यावर मुदतपूर्व परतफेडीचा आकार लावू नये आणि माझा मासिक हप्ता त्याप्रमाणे कमी करावा. प्रीमियमच्या रकमेवर आजवर घेतलेले व्याज व त्या प्रमाणातील प्रोसेसिंग फी परत करावी. प्रस्ताव अर्ज, संमतीची नोंद व पडताळणी कॉलचे रेकॉर्डिंग द्यावे."

शेवटच्या मागण्या लोक विसरतात. वरच्या उदाहरणात 22,000 रुपयांवर पहिल्या महिन्याचंच व्याज सुमारे 257 रुपये होतं. प्रीमियम कर्जात वाढवलेला असेल तर त्यावरची 2 टक्के प्रोसेसिंग फी 440 आणि तिचा जीएसटी 79 रुपये. रक्कम लहान असली तरी मागितल्याशिवाय कोणी देत नाही. मुद्दलात वळतं करण्याची ओळही आवश्यक आहे. ती नसेल तर परतावा कर्ज खात्यात आगाऊ जमा म्हणून पडून राहतो, हप्ता तेवढाच राहतो आणि व्याजही.

अर्जाच्या दोन प्रती शाखेत द्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का देत नसतील तर वाद घालू नका, पोस्टाने पाठवा. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. त्यामुळे स्पीड पोस्ट करा, पावती जपा आणि पोहोचल्याच्या ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. हाच अर्ज त्याच दिवशी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आणि बँकेच्या मुख्य कार्यालयाला ई-मेल करा. ज्याने विमा विकला त्याच माणसाच्या भरवशावर राहू नका. "पुढच्या आठवड्यात करतो" या आश्वासनांत 30 दिवस निघून जातात.

एक कळकळीची सूचना: रागाने हप्ता थांबवू नका. हप्ता चुकला की सिबिलवर नोंद होते, दंड लागतो आणि तक्रारदार थकबाकीदार आहे, असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते.

उत्तर आलं नाही तर

विमा कंपनीने तक्रार दोन आठवड्यांत निकाली काढायची असते. नाही काढली तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि टोकन क्रमांक लिहून घ्या. नियामक स्वतः निवाडा देत नाही, तक्रार कंपनीपुढे ढकलून तिच्यावर लक्ष ठेवतो. तरीही वरून आलेल्या तक्रारीला कंपनीत वेगळं उत्तर मिळतं, हे अनेकदा दिसतं.

निवाडा हवा असेल तर विमा लोकपाल. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतात. कंपनीला लेखी तक्रार करून एक महिना झाला, किंवा तिने नकार दिला, की एक वर्षाच्या आत इथे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते, त्यामुळे माण-खटावमधून पुण्याला फेरी मारावी लागेलच असं नाही. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, 30 दिवसांत पाळावा लागतो. सुनावणी थोडक्यात आटपते. तेव्हा तारखांची एका पानाची यादी समोर ठेवा: कर्ज कधी, कपात कधी, पॉलिसी कधी मिळाली, अर्ज कधी, उत्तर कधी.

बँकेविरुद्धची वाट वेगळी. बँकेने 30 दिवसांत समाधान केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवरून जा. कागदी तक्रार चंदीगडच्या केंद्राकडे कोणत्याही भाषेत पाठवता येते, माहितीसाठी 14448 आहे. इथे विम्याच्या अटींवर लिहू नका, तो विषय त्यांचा नाही म्हणून तक्रार बंद होते. केएफएसमध्ये नसलेली कपात, सक्ती आणि संमतीचा अभाव, एवढंच मांडा. बँकेचं उत्तर मिळाल्यावर पुढचं पाऊल लगेच टाका.

पतसंस्थेच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचा लोकपाल कामाचा नाही. तिथे तालुक्याचे सहायक किंवा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करावी, त्यावर जिल्हा उपनिबंधक. सेवकांच्या पतसंस्थांत कधी कधी कपात विम्याची नसतेच, संस्थेच्या स्वतःच्या मयत सभासद निधीची असते. पावतीवर विमा कंपनीचं नाव आहे का, हे आधी पाहा. नाव नसेल तर विमा लोकपालही उपयोगाचा नाही, पोटनियमांची प्रत मागून त्या कपातीचा ठराव दाखवायला सांगा.

सातारा आणि सांगली इथे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहेत. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय मुंबईत असलं तरी. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते, आणि विमा कंपनी व कर्ज देणारी संस्था दोघांनाही विरुद्ध पक्ष करता येतं. मुदत दोन वर्षांची आहे, पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाही. आयोगात प्रकरण चालू असताना लोकपालाकडे तीच तक्रार घेतली जात नाही, म्हणून आधी लोकपाल, मग गरज पडली तर आयोग, हा क्रम बरा. दाखल करण्याआधी मार्गदर्शन हवं असेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

इंटरनेटवर शोधलं की ब्रिटनमधल्या पीपीआय, म्हणजे तिथल्या कर्जासोबत विकलेल्या विम्याच्या परताव्याची माहिती समोर येते. तिथली तक्रारीची मुदत 29 ऑगस्ट 2019 ला संपली आणि ते नियम इथे लागूही नाहीत. टक्केवारीवर पैसे मिळवून देतो म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. विमा नियामकातून बोलतोय, जुनी पॉलिसी रद्द करून बोनस देतो, असे फोनही तक्रारीनंतर येऊ शकतात. नियामक कोणालाही पॉलिसी विकायला फोन करत नाही.

कर्ज लवकर फेडलं असेल

हा मुद्दा बऱ्याच जणांच्या हातून सुटतो. कर्ज दोन वर्षांत फिटलं, विमा पाच वर्षांचा होता, तर उरलेल्या काळाचं काय? विमा आपोआप रद्द होत नाही. कर्ज फिटल्याचा दाखला जोडून विमा कंपनीकडे समर्पण मूल्य, म्हणजे विमा मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम मागा किंवा संरक्षण तसंच चालू ठेवा. मुदतीचा निम्मा भाग उरला म्हणून निम्मा प्रीमियम मिळेल असं धरू नका, कारण जोखीम आणि कर्ज दोन्ही सुरुवातीला जास्त असतात. सूत्र प्रमाणपत्रात दिलेलं असतं. कर्जासोबतचा अपघात किंवा आरोग्य विमा वैयक्तिक असेल तर दावा केलेला नसताना तो मध्येच रद्द करून उरलेल्या काळाचा प्रीमियम मागता येतो.

परतावा आल्यावर कर्ज खात्याचा उतारा पुन्हा काढा. मुद्दल कमी झालं का, हप्त्याचं नवं वेळापत्रक मिळालं का, आणि दरवर्षी कापली जाणारी पॉलिसी असेल तर बँकेतलं तिचं स्वयंचलित कपातीचं मँडेट बंद झालं का, हे तपासा. विमा रद्द झाल्याचं पत्र लेखी घ्या आणि कर्जाच्या फाइलला लावून ठेवा.